रात्रपाळी कुणाची?

अहो वहिनी, कपडे वाळत घालून झाले असतील तर जरा भिंतीशी या. हळू बोला हं. माईंच्या लेकीचं बाळ आत्ताच झोपलंय आणि वारा नेमका तिकडेच जातोय.

काल तुम्ही नव्हता, म्हणून सांगते. भाजीची गाडी आली होती. माईंची लेक मेथी घेत उभी, आणि सारखी डावीउजवीकडे डुलतेय. हातात बाळ नाही हो! बाळ आत आजीपाशी. भाजीवाला म्हणाला, "ताई, चक्कर येतीय का?" ही म्हणाली, "नाही, का बरं?" आपण डुलतोय याचा पत्ताच नाही तिला. पुढचं ऐका. मेथीची जुडी घेतली, खांद्यावर टाकली आणि ढेकर काढावी तशी तिला थोपटायला लागली. मी आधी हसले. मग ती जवळ आली, तिचे डोळे पाहिले आणि हसू जिरलं माझं.

तिला झोप मिळणार कधी, सांगा ना. जो येतो तो एकच मंत्र देतो, "बाळ झोपलं की तूही झोप." बाळ झोपतं दुपारी दोनला. अडीचला बेल वाजते. कोण? बाळ बघायला आलेली मंडळी. मग चहा, मग "नाक कुणासारखं गं," मग झोपलेल्या बाळाचे गाल ओढणं. मंत्र देणाऱ्याही याच आणि बेल वाजवणाऱ्याही याच!

परवा तिची मावससासू म्हणाली, "आम्ही नाही का चार-चार वाढवली? रडलो का कधी?" अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. अहो, तेव्हा घरात दहा माणसं होती. बाळंतीण सव्वा महिना खोलीतून बाहेर नाही. मालिशवाली यायची, शेकशेगडी व्हायची, गरम जेवण हातात. ओव्याच्या धुरीचं मात्र मी कौतुक करणार नाही, तो धूर त्या एवढ्याशा छातीत जायचा. पण बाईला चुलीपासून लांब ठेवलं, ते चांगलं केलं होतं जुन्यांनी. आता सव्वा महिन्याचं नुसतं नाव राहिलंय. दुपटी धुवायला हीच, दूध तापवायलाही हीच. माईंचे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेतच.

आणि सटवाईची रात्र आठवा. सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला येणार म्हणून कोरा कागद ठेवायचा, लेखणी ठेवायची आणि अख्ख्या घरानं जागायचं. एक रात्र सगळ्यांनी मिळून जागायचं आणि पुढच्या सगळ्या हिनं एकटीनं, हा कुठला हिशेब?

बाळाचा काय दोष? माईंच्या डॉक्टरीणबाईंनी छान समजावलं म्हणे. नवं बाळ दिवसात सोळा-सतरा तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी. पोट ते केवढं, अंगावरचं दूध लवकर पचतं, पुन्हा भूक लागते. आणि रात्र कशाशी खातात हे त्याला दोन-तीन महिने कळतच नाही. म्हणून रात्री उठलं की ट्यूबलाइट लावायची नाही, बोलायचं नाही, मोबाइल उघडायचा नाही. मंद दिव्यात पाजायचं, परत ठेवायचं. सकाळी मात्र पडदे उघडून घर चांगलं उजेडात ठेवायचं.

उपाय सुचवणाऱ्यांना तोटा आहे का? एक म्हणाली, गुटीत जायफळाचे दोन वळसे जास्त दे, गाढ झोपेल. डॉक्टरीणबाई अशा भडकल्या! जायफळानं बाळाला गुंगी येते, ती झोप नव्हे. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही, पाणीसुद्धा नाही. मोहरीची उशीही काढायला लावली त्यांनी. बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, आजूबाजूला उशा-पांघरुणांचा पसारा नको. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन पाजता पाजता तर डोळा लागूच द्यायचा नाही. आई झोपेत सैल पडते आणि बाळ गादीच्या फटीत घसरतं. तिकडे डोळा मिटायला लागला तर उठून बाळ दुसऱ्याकडे द्यायचं.

आता तुम्ही विचाराल, हा दुसरा कोण? तेच तर! जावईबापू हिंजवडीत, शनिवारी येतात. सरकारी कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना आईला 26 आठवड्यांची रजा, 2017 पासून. बापाला? केंद्र सरकारी नोकर असेल तर 15 दिवस, खाजगीवाल्याला कायद्यानं काहीच नाही. कंपनीच्या मर्जीवर. पण शनिवार-रविवार तरी त्यांचे ना? गेल्या शनिवारी आले आणि "मी फार दमलोय" म्हणून वरच्या खोलीत जाऊन झोपले. माईंनी दुसऱ्या दिवशी अळिवाची खीर दिली त्यांना! मी म्हटलं, माई, बाळंतीण कोण?

काल मात्र माईंच्या यजमानांनीच फोन केला जावयाला. चांगलं खडसावलं म्हणे. ठरलं असं, की रात्री नऊला हिनं पाजायचं आणि लगेच झोपायचं. भांडी नाही, फोन नाही, कुणाला उत्तर नाही. नऊ ते एक बाळ माईंकडे, शनिवार-रविवारी जावयाकडे. लंगोट बदलणं, ढेकर काढणं, खांद्यावर घेऊन फिरवणं, याला काही अंगावरचं दूध लागत नाही. भुकेनं उठलं तर आणून पाजून न्यायचं. दूध नीट यायला लागलंय आता, तर पिळून ठेवलेलं वाटी-चमच्यानंही देता येईल. बाहेर चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. सलग चार तास मिळाले तरी माणूस माणसात येतं.

आणि ती रडते, असं माई हळूच म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात रडू येतंच, दोन आठवड्यांत ओसरायला हवं. नाही ओसरलं, किंवा बाळ शांत झोपलंय, सांभाळायला माणूस आहे, तरी हिला झोपच येत नाही, असं झालं तर मग थांबायचं नाही. डॉक्टर गाठायचा. टेली मानसचा 14416 नंबर मी माईंच्या कॅलेंडरवर लिहून आलेय. चोवीस तास, मराठीत बोलतात.

तुम्ही झबलं घेऊन जाणार होता ना? नका जाऊ. पोळी-भाजीचा डबा न्या, फाटकातच माईंच्या हातात द्या आणि परत फिरा. भिशीतल्या बायकांना तुम्ही आवरा, दोन ते चार त्या घरात कुणी जायचं नाही.

अगं बाई, रिक्षा थांबली बघा त्यांच्या दारात. हातात खुळखुळा, म्हणजे बाळ बघायलाच आल्यात. वहिनी, त्या तुमच्या नणंदेच्या जाऊबाई ना? मग तुम्हीच व्हा पुढे. आधी माझ्याकडे चहाला आणा त्यांना, आणि बेल वाजवायच्या आत आणा!