दहा तासांची तयारी

विमान एका टाकीत आठ-दहा मिनिटं उडतं. ते उडवायचा ट्रान्समीटर, ज्याला आम्ही माळावर नुसतं ‘रेडिओ’ म्हणतो, जुन्या बॅटरीवर तीन तास चालायचा. आता तो दहा तास चालेल अशी व्यवस्था मी केली आहे. मधल्या फरकाचं काय करणार, असं बायकोने विचारलं. प्रश्न तांत्रिक नसल्यामुळे मी तो बाजूला ठेवला.

बॅटरी रेडिओच्या पाठीत, झाकणाआड असते. म्हणजे एवढा खटाटोप करूनही बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे हल्ली माळावर गेलो की काहीतरी निमित्त काढून मी झाकण उघडतो. आत कचरा गेलाय का बघतो, स्प्रिंग तपासतो, तोंडाने फुंकर मारतो. तेवढ्यात कोणी डोकावलं तर ठीकच. नाही डोकावलं, तर पडद्यावरचा व्होल्टचा आकडा शेजारच्याला वाचता येईल अशा बेताने रेडिओ कलता धरतो.

माळावरची मुलं वाईट नाहीत. त्यांचे रेडिओ 2.4 गिगाहर्ट्झचे, बोटभर अँटेनाचे. माझा 72 मेगाहर्ट्झचा, मीटरभर अँटेना ओढून काढावी लागते. ती मी जरा सावकाशच ओढतो. त्यातल्या एकाने अगदी आपुलकीने म्हटलं, “काका, नवीन घेऊन टाका ना.” ह्या ‘घेऊन टाका’चा मला मनापासून राग येतो. रेडिओला काय झालंय? दोन्ही दांड्या ठणठणीत आहेत, बटणं जागच्या जागी आहेत, अंगठ्यांना त्यांची सवय आहे. बिघडलाय तो फक्त आठ सेलांचा एक पुडका, तोसुद्धा हजारभर वेळा चार्ज होऊन, इमानदारीत झिजून. त्याची काळी वायर आतून हिरवट होऊन तुटायला आली होती. निकेल-कॅडमियमच्या जुन्या पुडक्यांना हा रोग होतोच. तेवढ्यासाठी अख्खी वस्तू फेकायची? मग उद्या चष्म्याचा नंबर वाढला म्हणून मलाही…असो.

बॅटरी निवडताना मी जेवढा विचार केला, तेवढा मुलीची शाखा निवडताना केला नव्हता. लिथियम-पॉलिमर घ्यावी, तर तिचे तीन सेल पूर्ण भरले की 12.6 व्होल्ट होतात. जुना रेडिओ 9.6 च्या हिशोबाने बांधलेला. वरचा दाब आतला रेग्युलेटर उष्णता करून बाहेर टाकतो आणि आपला तळहात शेकतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट 9.9 ला बसते, ते बरं. पण ती घरातल्या सोशिक माणसासारखी: शेवटपर्यंत चेहऱ्यावर काही दाखवत नाही आणि मग एकदम कोसळते. रेडिओचा भोंगा वाजेपर्यंत विमान बाभळीत. शेवटी निकेल-मेटल-हायड्राइडवर आलो. त्यातही ती कमी गळणारी जात, जी सान्योने 2005 मध्ये ‘एनेलूप’ नावाने बाजारात आणली. आधीच्या साध्या सेलांमधला साठा महिनाभर कपाटात पडून बराच ओसरायचा. हे सेल वर्षभर ठेवले तरी बहुतेक सगळं राखतात. मी महिना महिना माळावर जात नाही, हे त्यांच्या पथ्यावर पडतं. क्षमता 2000 मिलिअँपिअर-तास. जुन्या पुडक्याची 600.

सेल जोडून घ्यायला साताऱ्याहून पुण्याला, तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने आठ सेल हातात खेळवत विचारलं, “कशाला हवंय?”

“विमानाला.”

“विमानात बसवायचं?”

“नाही, विमान वर असतं. हे माझ्या हातात.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, सेलांकडे पाहिलं आणि पट्ट्या वेल्ड करून दिल्या. पुण्यात एवढ्या कमी प्रश्नांत काम झालं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

आणि आता मुख्य अडचण. रेडिओबरोबर आलेला चार्जर 50 मिलिअँपिअर देतो. जुन्या पुडक्याला तो पंधरा तास लागायचा. नव्याला, जे वाया जातं ते धरून, छप्पन तास! शुक्रवारी सकाळी लावायचा आणि रविवारी संध्याकाळी, म्हणजे सगळे उडवून घरी गेल्यावर, काढायचा.

छप्पन हा आकडा कागदावर लिहिला आणि 2006-07 च्या सुमाराचं लोडशेडिंग आठवलं. तेव्हा पंधरा तासांचाच केवढा पसारा होता! सकाळी तीन तास लाईट नाही, संध्याकाळी तीन तास नाही, शिवाय वेळापत्रकात नसलेले तास वेगळे. चार्जर बिचारा साधा. वीज आली की चालू, गेली की बंद. किती झालं हे त्याला कळत नसे आणि कमी भरलेल्या रेडिओने विमान वर न्यायची माझी छाती नव्हती. तेव्हा आमच्या मुलीने हा कारभार हातात घेतला. वय वर्षं दहा. कालनिर्णयाच्या चौकोनात, दुधाच्या लिटरांशेजारी, ती पेन्सिलीने लिहायची: ‘आली 9.10’, ‘गेली 11.55’. मग बोटांवर बेरीज. भागिले साठ करताना तिचं तोंड उघडं राहायचं. शनिवारी रात्री मी अंथरुणावर पडल्यावर दारातून घोषणा व्हायची, “बाबा, अजून दोन तास चाळीस मिनिटं. मी जागी आहे.” ती जागी नसायची. पण पहाटे उठून पाहावं, तर कॅलेंडरवर एक ‘आली’ वाकड्यातिकड्या अक्षरात वाढलेली असायची आणि वेळ अंदाजे टाकलेली नसायची. ती पाने मी ठेवली आहेत. बायको म्हणते, दुधाचा हिशोब म्हणून ठेवलीत. तसं समजा.

तिला अपूर्णांक आपणच शिकवले, असा शाळेचा दावा आहे. मला तो मान्य नाही.

आता मी नवा चार्जर घेतला आहे. सेल भरले की तो स्वतःच ओळखतो आणि थांबतो. कोणाला जागावं लागत नाही. फक्त रेडिओच्या आत चार्जिंगच्या वाटेवर उलटा प्रवाह अडवणारा डायोड बसवलेला असतो, त्यामुळे बॅटरी रिकामी करून तिची खरी ताकद मोजायची तर पुडका बाहेर काढावा लागतो. म्हणजे झाकण उघडावं लागतं. म्हणजे पुन्हा ते लोकांना दिसतं. ही सोय मला आवडली.

परवा बंगळूरला व्हिडिओ कॉल लावून मुलीला उघडा रेडिओ दाखवला.

“दहा तास?” ती म्हणाली. “आणि भरायला?”

“जुन्या चार्जरने छप्पन. नव्याने चार.”

“छप्पनला शनिवार पुरला नसता. सगळा आठवडा आखावा लागला असता.” ती मनात बेरीज करत असावी, तोंड थोडं उघडं होतं. “बरं, विमान कुठलं उडवतोयस?”

“सध्या पंखाला नवं कापड चढवायचं आहे.”

“म्हणजे विमान नाहीये.”

“आहे. पंख नाहीये.”

“म्हणजे दहा तास तू नुसता रेडिओ धरून उभा राहणार?”

“आकडा बघ ना, 10.9 आहे…”

“आईला दे फोन,” ती म्हणाली.