सातवाले सर

मूल्यांकनाला नॅकची कमिटी येणार म्हटलं की महाविद्यालयात माणसांची नावं जातात आणि क्रायटेरियाचे आकडे येतात. शिकवणं आणि परीक्षा ज्यांच्याकडे ते दोनवाले, संशोधन ज्यांच्याकडे ते तीनवाले. आणि पर्यावरणासकट जे जे उरतं ते ज्यांच्या गळ्यात पडतं, ते सातवाले. आमचे सातवाले सर वनस्पतिशास्त्राचे. बारा वर्षं पृथ्वी त्यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून होती. विनामोबदला.

सरांचा मोठा सण 5 जून. आता 5 जूनला महाविद्यालयाला उन्हाळी सुटी असते. मुलं गावी, प्राध्यापक लग्नांत, आणि पावसाचा पत्ता नाही. पण 1972 साली स्टॉकहोमला पर्यावरणाची जागतिक परिषद भरली ती 5 जूनला, म्हणून पर्यावरण दिन तोच. "स्टॉकहोममध्ये बसून मृग कोण बघतंय?" असं म्हणत सर ग्रंथालयामागे, बोअरवेलच्या डाव्या हाताला जातात. तिथे खड्डा आहे. संस्थेचे सचिव येतात. त्यांची गाडी एसी चालू ठेवून बाहेर थांबते. मागे 'प्लास्टिकमुक्त परिसर' असा दहा बाय सहाचा फ्लेक्स. पुढे सचिव, प्राचार्य, दोन क्लार्क, शिपाईमामा आणि मध्ये बोटभर रोप. पाच जणांचे हात एका झारीला. मोबाईलमध्ये अक्षांश-रेखांशांसकट फोटो निघतो, कारण जिओटॅग नसलेलं झाड नॅकला दिसत नाही.

तापल्या मातीत रोप आठवडाभरात मान टाकतं. पुढच्या वर्षी नवं येतं. कडुलिंब झाला, बहावा झाला, आवळा झाला. 2019 साली राज्याने 33 कोटी झाडांचा संकल्प सोडला, तेव्हा आमच्या वाट्याचा वड त्यातच बसवला. एकही रुजलं नाही. खड्डा मात्र चांगला रुजला.

एकदा कमिटीतल्या एका चष्मेवाल्यांनी फाईल चाळता चाळता विचारलं, "हे अक्षांश-रेखांश दरवर्षी सारखेच कसे?"

"शाश्वतता, सर," सर म्हणाले.

त्या मुद्द्याला पूर्ण गुण मिळाले.

हा माणूस लबाड नाही, हे आधी सांगायला हवं होतं. आवारातल्या तणांचीसुद्धा नावं त्यांना तोंडपाठ. पण ग्रीन ऑडिट, एनर्जी ऑडिट, एलईडी दिवे किती, सौर पॅनल किती, पर्जन्यजल संधारणाचा फोटो कुठे आहे, या तक्त्यांपुढे त्यांचं वनस्पतिशास्त्र वाळून गेलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी 'नो व्हेइकल डे'. त्या दिवशी सगळा स्टाफ गाड्या पलीकडच्या पेट्रोल पंपावर लावून दोनशे पावलं चालत येतो. पाहुण्यांना हार नाही, रोप द्यायचं हेही सरांनीच सुरू केलं. पाहुणे रोप टेबलावर विसरून जातात, मामा ते परत ऑफिसात ठेवतात. काठाचा टवका उडालेल्या त्या एका कुंडीने एक कुलगुरू, दोन आमदार आणि एक कीर्तनकार पाहिले आहेत.

पर्यावरणाचा सक्तीचा पेपरही सरांकडेच. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच हा विषय शिकवायला सांगितला होता. पदवीच्या वर्गांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम व्हायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. मुलांनी तो दहा-बारा मिनिटांत संपवला. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रकल्प तयार मिळतो, बाइंडिंगसह. त्यातला एक नाला गेली आठ वर्षं तेवढाच दूषित आहे. सरांनी एका मुलाला विचारलं, "हा नाला आहे कुठे रे?"

"झेरॉक्सवाल्याला विचारून सांगतो, सर."

त्या वर्गात सर एकाच विषयावर जिवंत होत. चार्ल्स कीलिंग. 1958 साली या माणसाने हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. तेव्हा दहा लाखांत सुमारे 315 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय. मध्ये एकदा पैसे आटले, थोडा खंड पडला, तरी काम पुन्हा उभं राहिलं. "तोही आपल्यासारखा विद्यापीठाचाच नोकर," सर सांगत. "एकच गोष्ट मोजली, पण रोज. आपण रोज नवी गोष्ट मोजतो, एकदाच." मग घंटा होई. माझ्या मते आमच्या महाविद्यालयात हवामानाविषयी एवढं एकच शहाणं वाक्य बोललं गेलं, आणि त्याचं इतिवृत्त नाही.

सरांनी स्वतः काय मोजलं, हे मला त्यांच्या निरोपापर्यंत कळलं नाही. 31 मेला ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ आणि रोप. टवका बघून सर गालात हसले आणि कुंडी स्वतःच टेबलावर विसरले. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. मी मराठी शिकवते, म्हणजे मोकळीच, तेव्हा सातवा क्रायटेरिया माझ्याकडे.

फाइली न्यायला सरांच्या घरी गेले, तर त्यांनी वर एक लांबट नोंदवही ठेवली. गच्चीवर त्यांनी पर्जन्यमापक बसवला होता. बारा पावसाळे, रोज सकाळी साडेआठला. रविवारी, सुटीत, अगदी मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. "ही कमिटीला दाखवलीत का?" मी विचारलं.

"दाखवली. फोटो मागितले."

5 जूनला मी रोप लावू दिलं नाही. पाऊस पडल्यावर लावू, म्हटलं. सचिव रागावले, फ्लेक्स गुंडाळून परत गेला आणि प्राचार्यांनी लेखी खुलासा मागवला. खुलासा मी अजून दिलेला नाही. 14 जूनला रात्री पाऊस आला. सकाळी साडेआठला मोजला, 23 मिलिमीटर. दुपारी मामा आणि मी मिळून करंजाचं रोप लावलं. फोटो काढायचा राहिला.