संशयकाका

बेळगावजवळच्या हिंडलग्यात मध्यवर्ती कारागृह आहे. पकडलेले गुन्हेगार तिथं आत असतात. न पकडलेले हुडकायची जबाबदारी बाहेरच्या संशयकाकांवर असते. असे एक काका गल्लोगल्ली सापडतात. नोकरीतून निवृत्त, चष्म्याला दोरी, कानावर पेन्सिल आणि हातात बेळगावच्या वाचनालयातून आणलेली, कडा झिजलेली रहस्यकथा.

काका रहस्यकथा वाचत नाहीत, तपास करतात. पान 17 वर माळ्याच्या नावाखाली रेघ आणि समासात शेरा, ‘हाच!’ पान 60 वर, ‘माळी सुटला. डॉक्टरला धरा.’ शेवटी खून विधवा वहिनींनी केल्याचं उघड होतं, तिथं बारीक अक्षरात, ‘मला पहिल्यापासून संशय होताच.’

लेखकही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, याचं जगाला कौतुक. काकांना भलतंच खटकतं. “बाबूराव कसले! खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. आपल्या नायकाला, झुंजारला वेषांतर शिकवणारा माणूस साधा असेल होय?”

विज्ञानकथांकडे ते वळले तेही संशयापोटीच. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. “आद्याक्षरं उलटी वाचा की ओ! ना. वि. ज. म्हणजेच ज. वि. ना. परीक्षकांत मी असतो तर तिथल्या तिथं धरलो असतो त्यांना.”

शेजारी दुधाची एक पिशवी जादा आली तरी पाहुणा कोण याचा छडा लावणारे हे काका, कथेतलं यान प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचलं की मात्र मुकाट मान डोलावतात. कृष्णविवरापाशी काळ मंदावतो, हे आइनस्टाइनचं म्हणणं पटायला त्यांना गणित लागलं नाही. “महाराष्ट्रानं आपल्या बेळगावच्या सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात घातला 2004 साली. तिथं बघा की, अजून सकाळच आहे!”

तेव्हा वाचनालयातून रहस्यकथा आणणार असाल, तर खिशात खोडरबर असू द्या. पान 17 वरचं नाव मात्र खुशाल वाचा. काकांचा पहिला अंदाज आजवर एकदाही खरा ठरलेला नाही.