मे महिन्यातली माती खोटं बोलते

उन्हाळ्यात काळ्या मातीच्या प्लॉटवर पहार मारून बघा. टणकन आवाज येतो, पहार उसळते आणि मिस्त्री खुशीत सांगतो, ‘साहेब, दगड आहे दगड. बिनधास्त चढवा दोन मजले.’ विदर्भात, मराठवाड्यात, सोलापूरकडे या एका वाक्यावर किती घरं उभी राहिली याची गणती नाही. चार पावसाळ्यांत त्यांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे निघाले, याचीही नाही.

मे महिन्यात काळी माती कडक लागते, कारण ती वाळलेली असते. आणि जितकी वाळलेली, तितकी जूनमध्ये जास्त पाणी पिणार, जास्त फुगणार. म्हणजे पहारीला सगळ्यात भक्कम वाटणारी माती पायाखाली सगळ्यात घातक. हे सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलं जातं. तरीही पायाचे खड्डे मे महिन्यातच निघतात, आठवडाभर उन्हात तापत पडतात, तळाला भेगा पडतात आणि त्याच भेगांवर पीसीसी ओतलं जातं.

दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक बसलेले असतात. पाणी त्यांच्यामध्ये शिरतं, पापुद्रे दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी गेलं की ती आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी वर, दरवर्षी खाली. त्यामुळे या जमिनीवर पाया धरताना ‘माती किती वजन पेलेल?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘माती किती हलेल?’ हे आधी विचारावं लागतं, आणि तेच कुणी विचारत नाही.

इथे एक गोष्ट लोकांना पटतच नाही. वजनदार इमारतीपेक्षा हलक्या घराला ही माती जास्त छळते. एकमजली घराचा पायावरचा भार साधारण दर चौरस मीटरला ५-६ टन. फुगणारी काळी माती वर ढकलते ती १०-२० टनांच्या जोराने, कधी त्याहूनही जास्त. घर उचललं जाणारच. आणि ते सगळीकडून सारखं उचललं गेलं असतं तर तक्रार नव्हती. पहिल्या पावसात कडेची माती भिजते, मधली कोरडी राहते. पुढे काही वर्षांत उलटं होतं. फरशीखालची ओल उडून जात नाही, ती साठत राहते आणि मधला भाग फुगून बसतो. कडा मात्र दर उन्हाळ्यात आकसतात. मग बाहेरच्या भिंती बाहेरच्या बाजूला झुकतात, फरशी मध्ये उचलते, दार चौकटीत अडकतं, कडी बसत नाही. तडा नीट बघा. वर रुंद आणि खाली निमुळता असेल, तर मध्य उचललाय किंवा कडा खचल्यात. सुतार बोलावून दार रंधून घेतात आणि तड्यात पुट्टी भरतात. पुढच्या जूनला पुन्हा तेच.

सरकारी घरकुल २५ चौरस मीटरचं, एकमजली आणि हलकं. काळ्या रानाच्या गावात सगळ्यात मोठा धोका त्यालाच आहे. ज्याच्याकडे दुरुस्तीला पैसे नाहीत त्याच्याच घराला तडा जातो, याचा मला राग येतो.

आपल्या जुन्या गावांना हे कळत होतं. वस्ती पांढरीवर, शेती काळीवर, अशी गावाची मांडणी होती. भारी जमीन कापसाला, ज्वारीला राखायची आणि घरं गावठाणात बांधायची. आता शहरं वाढली, काळीचे एनए प्लॉट पडले, चुन्याची आखणी झाली. शेतकरी बांधावर उभं राहून सांगेल की इथे पाच फूट काळी आहे आणि तिकडे ओढ्याकडे दहा. त्याला विचारायला कुणी जात नाही. शेजारच्या मुरमाड प्लॉटवर चार फुटांचा पाया चालला, म्हणून इथेही चार फूट. एका प्लॉटचा माती-अहवाल झेरॉक्स होऊन आख्ख्या कॉलनीत फिरतो. अशा झेरॉक्सवर सही करणारे अभियंते आहेत, आणि त्यांनी ती करू नये.

चाचणी काही अवघड नाही. माती वाळवून, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून तिचे १०-१० ग्रॅमचे दोन भाग करायचे. १०० मिलीच्या दोन काचेच्या मोजनळ्या घ्यायच्या. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत केरोसिन. माती टाका, कांडीने ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवा. केरोसिनमधली माती आहे तेवढीच राहते, कारण ते या पापुद्र्यांत शिरत नाही. पाण्यातली फुगून वर चढते. समजा केरोसिनमध्ये माती १० मिलीवर बसली आणि पाण्यात १८वर, तर फुगवटा ८० टक्के. भारतीय मानकानुसार २०च्या आत असेल तर काळजी नाही, ३५च्या पुढे धोका जास्त आणि ५०च्या पुढे अतिशय जास्त. दोन मोजनळ्या आणि एक दिवस. फरशीचा रंग निवडायला लोक दहा दुकानं फिरतात, आणि ज्यावर आख्खं घर उभं राहणार त्या मातीला एक दिवसही देत नाहीत.

उपाय आहेत, आणि ते आपल्याच देशात तपासलेले आहेत. मुरूम सहा-सात फुटांवर लागत असेल तर पाया त्यावरच न्या, वाद घालू नका. काळी त्याहून थोडी खोल असेल तर फुटिंगखालची निदान मीटरभर तरी काढा, तिच्या जागी मुरूम भरा. सहा-सहा, आठ-आठ इंचांचे थर, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून. एकदम ट्रॉली ओतून वर पाणी सोडलं म्हणजे भरणी होत नाही. हा मुरूम थोडा चिकट हवा. १९७०च्या दशकात आयआयटी मुंबईत प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवलं, की काळ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर दिला की फुगवटा आवरतो. कर्नाटकात मलप्रभा कालव्यावर ते वापरलं गेलं. वाळू मात्र भरू नका. ‘वाळूवर पाया चांगला’ हे इथे उलटतं. वाळूत पाणी झिरपून साठतं आणि ते बाजूच्या काळीला पाजत राहतं.

काळी फारच खोल असेल तर उथळ पायाचा हट्ट सोडा. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. साधारण साडेतीन मीटर खोल, तळाशी फुगीर, म्हणजे वरची माती कितीही हलली तरी खालचा कंद जागचा हलत नाही. आणि त्यांच्यावरच्या बीमखाली निदान ८० मिलिमीटर पोकळी सोडायची असते. फुगणाऱ्या मातीला जागा मिळावी म्हणून. साइटवर ही पोकळी ‘बरं दिसत नाही’ म्हणून माती कोंबून बुजवतात. मग बीम खालून उचलला जातो आणि पाइलचा सगळा खर्च वाया जातो.

बाकीचं काम पाण्याचं. घराभोवती चार-पाच फूट रुंदीचा, बाहेर उतार दिलेला कोबा करा. पन्हळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी सोडू नका. शोषखड्डा भिंतीपासून लांब. गळका नळ त्याच आठवड्यात दुरुस्त करा, कारण एका कोपऱ्यातली सततची ओल तोच कोपरा उचलते. कडुनिंब, निलगिरी हवी असेल तर झाडाच्या उंचीएवढ्या अंतरावर लावा. उन्हाळ्यात मुळं फुटिंगखालची ओल ओढून घेतात आणि तेवढीच बाजू खचते.

बांधकाम परवानगीच्या फाइलीत सातबारा लागतो, मोजणीचा नकाशा लागतो, लहान घराला मातीच्या फुगवट्याचा आकडा सहसा लागत नाही. तो लागलाच पाहिजे. त्याहून आधी, लेआउट मंजूर होतानाच चार ठिकाणी खड्डे घेऊन काळी किती खोल, मुरूम किती फुटांवर आणि फुगवटा किती हे नकाशावर छापायला लावा. त्या नकाशावर रस्ते दाखवता येतात, ओपन स्पेस दाखवता येते, मग मुरूमही दाखवता येईल. प्लॉटचा भाव ठरवताना हा आकडा घेणाऱ्याच्या हातात हवा, कारण काळी खोल निघाली तर पायाचा वाढीव खर्च विकणारा भरणार नाही, तो त्यालाच भरायचा आहे.