सादळलेल्या चकतीवर चालणारी आगगाडी

टोकियोहून पूर्वेला निघालेली जलद गाडी चोशीला येऊन थांबते, कारण जमीन संपली अशी तिची समजूत असते. जमीन आणखी ६.४ किलोमीटर शिल्लक असते. एवढ्याशा जमिनीसाठी एक वेगळी रेल्वे कंपनी आहे, चोशी विद्युत रेल्वे. तिला स्वतंत्र फलाटसुद्धा नाही. मोठ्या रेल्वेच्या फलाटाच्या टोकाला, वाड्याच्या पडवीत पोटभाडेकरू राहावा तशी, तिची दोन डब्यांची गाडी उभी असते. दहा स्टेशनं आणि वीसेक मिनिटांचा प्रवास, की आला पॅसिफिक महासागर. प्रवाशाला पहिला प्रश्न पडतो तो तिकिटाच्या खिडकीपाशी, कारण तिथे तिकिटांपेक्षा खाऊची पाकिटंच जास्त दिसतात. ही रेल्वे आहे की फराळाचं दुकान? गंमत म्हणून हा प्रश्न ठीक आहे, पण टीका म्हणून तो लंगडा पडतो. जपानच्या खासगी रेल्वेचा धंदा शंभर वर्षं जसा चालत आला आहे, तसाच चोशीचा चालतो. फक्त तिचं भांडवल तुटपुंजं आहे आणि तोंड फटकळ.

‘तिकिटावर भागत नसेल तर बंद करा’ हा व्यवहारी सल्ला या मार्गाला नवा नाही. तो एकदा तंतोतंत पाळून झालेला आहे. १९१३ साली चोशी सहल रेल्वे नावाच्या कंपनीने इनुबोच्या दीपगृहाच्या दिशेने गाडी सुरू केली. नावातच सहल, तेव्हा उत्पन्नही सहलीला गेल्यासारखंच होतं. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि लोखंडाचे भाव आभाळाला भिडले. संचालकांनी हिशेब मांडला, तर गाडी चालवण्यापेक्षा रूळ उपटून विकण्यात जास्त फायदा निघाला. १९१७ मध्ये रेल्वे मोडीत गेली. हिशेबात एका पैचीही चूक नव्हती. चूक एवढीच, की गावाला रेल्वे हवीच होती. १९२३ साली नव्या कंपनीने पुन्हा रूळ अंथरले, थेट तोकावाच्या कोळीवाड्यापर्यंत, आणि १९२५ मध्ये मार्गावर वीजही आली. म्हणजे जे सहा वर्षांपूर्वी विकून नफा कमावला, तेच पुन्हा विकत घ्यावं लागलं. ताळेबंदाला न दिसणारी गरज किती महाग पडते, याचा याहून सोपा धडा सापडणं कठीण.

त्यानंतर या रेल्वेने विकणं सोडलं नाही, फक्त रूळ विकायचे सोडले. पहिलंच स्टेशन नाकानोचो. कंपनीचं मुख्य कार्यालय तिथे, शेजारी सोया सॉसचा प्रचंड कारखाना. डब्याची खिडकी उघडली की नाकाला कळतं, चोशी कशावर जगते. कधीकाळी या सॉसच्या वाघिणीही याच रुळांवरून जात. त्या ओढणारं १९२२ सालचं जर्मन इंजिन इतकं चिमुकलं आहे, की कुणीतरी खेळणं उचलून ठेवायला विसरलं असावं असं वाटतं. गाड्यांची कुळकथा आणखी मजेशीर आहे. थोरल्याचा सदरा मधल्याला आणि मधल्याचा धाकट्याला, हा नियम इथे लोखंडाला लागू होतो. टोकियोच्या उपनगरात राबलेले डबे शिकोकू बेटावरच्या मात्सुयामाला गेले, तिथे दुसरा संसार करून म्हातारपणी चोशीला आले. १९७६ मध्ये माशाच्या आकाराच्या, पोटात लाल चवळीसारख्या आझुकीचं पुरण भरलेल्या ताइयाकीवर एक गाणं जपानभर गाजत होतं, तेव्हा कंपनीने कान्नोन स्टेशनात ताइयाकी भाजायला घेतले. १९९५ पासून तिने नुरे-सेनबेई हाती घेतली. सेनबेई म्हणजे तांदळाची भाजलेली कुरकुरीत चकती. ती गरम असतानाच सोया सॉसमध्ये बुडवली की नुरे-सेनबेई तयार होते. रंग काळपट तपकिरी, दोन्ही कडा धरून वाकवली तर मोडत नाही, बोटाला खारट चिकटा लागतो आणि दातांना चामट गोडसरपणा. आपल्याकडे पापड असा झाला तर घरात डबा नीट कुणी लावला नाही यावरून चौकशी बसते. चोशीत त्याला पाकीट आणि किंमत मिळते.

यावर नाक मुरडणाऱ्यांनी ओसाकाच्या हान्क्यू रेल्वेकडे पाहावं. कोबायाशी इचिझो यांनी १९१० साली जिथे फारशी वस्तीच नव्हती अशा भागात रेल्वे नेली आणि मार्गालगतची घरं हप्त्यांवर विकली. शेवटच्या स्टेशनात गर्दी व्हावी म्हणून ताकाराझुकाची मुलींची नाटकमंडळी काढली आणि १९२९ मध्ये उमेदाच्या स्टेशनातच मोठं दुकान थाटलं. त्यांना लोक द्रष्टे म्हणतात. घरं, नाटक आणि किमोनो विकले की द्रष्टेपण, आणि सादळलेली चकती विकली की केविलवाणेपण, हा न्याय कुठला? तत्त्व एकच आहे: गाडी माणसं आणते, माणसं खरेदी करतात, खरेदी गाडीला पोसते.

फरक आहे तो बोलण्यात. २००६ साली माजी अध्यक्षाला अपहाराबद्दल अटक झाली. सरकारी मदत आटली आणि गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीलाही पैसे उरले नाहीत. मोठ्या कंपनीने अशा वेळी ‘तात्पुरत्या तरलतेच्या अडचणी’ असं काहीतरी छापलं असतं. चोशीने सरळ लिहिलं, की गाड्या दुरुस्त करायच्या आहेत, पैसे नाहीत, तेव्हा चकत्या विकत घ्या. देशभरातून मागण्यांचा असा पूर आला, की चकत्या पुरेनात. २०१८ मध्ये ‘माझुई-बो’ नावाची मक्याची कांडी आली. माझुई म्हणजे बेचव आणि माझुई म्हणजे बिकटही. बेचव नाही, बिकट आहे ती कंपनीची परिस्थिती, असा खुलासा सोबत होताच. विक्रीचा मुहूर्त धरला ३ ऑगस्टचा, कारण आठ-तीन हे आकडे जपानीत ‘हासान’, म्हणजे दिवाळं, असे वाचता येतात. दिवाळ्याचा मुहूर्त साधून दुकान उघडणारी कंपनी विरळाच.

आता आक्षेप. पहिला, सहा किलोमीटरला बस पुरेल. पुरेल की, पण बस कंपनीची चकती दूरच्या गावचा माणूस कशाला मागवील? इथे खाऊ गाडीला पोसतो हे जितकं खरं, तितकंच गाडीमुळे खाऊ खपतो हेही खरं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: चकत्यांनी सगळा खर्च निघत नाही, सरकारी मदत लागतेच. मान्य. पण मदत घेणारा स्वतःही हातपाय हलवतो की नाही, हे पाहायला नको? २०१२ पासूनचे अध्यक्ष ताकेमोतो कात्सुनोरी मुळात कर-सल्लागार. पुढे त्यांनी परवाना मिळवून गाडीही चालवली. २०१४ मध्ये गाडीला अपघात झाला, त्यानंतर तर गावातल्या शाळकरी मुलांनीच दुरुस्तीसाठी इंटरनेटवरून वर्गणी गोळा केली. तिसरा आक्षेप, विनोद शिळे होतात. होतात, आणि म्हणूनच कंपनी ते ताजे भाजत राहते. भुताटकीची गाडी काढली, सिनेमा काढला, स्टेशनांची नावं भाड्याने दिली. कासागामी-कुरोहाए या स्टेशनाच्या नावात थोडा फेरफार केला की ‘केस काळे उगवले’ असं काहीसं होतं. ते एका शांपूवाल्यांनी घेतलं, यात नवल नाही.

कोबीच्या मळ्यांमधून हलत-डुलत गाडी तोकावाला पोचते आणि लाकडी स्टेशनापुढे रूळ संपतात. परतायचं ते त्याच गाडीने, हातात चकत्यांचं पाकीट घेऊन. जपानच्या शांत डब्यात कुरकुरीत खाऊ चावायचा म्हणजे दहा माना वळायची भीती. नुरे-सेनबेईला ती नाही, ती निमूट खाल्ली जाते. चकतीतली सगळी कुरकुर कंपनीने आधीच काढून आपल्या जाहिरातीत घातलेली असते आणि गिऱ्हाईक दोन्हींसाठी आनंदाने पैसे मोजतं.