गंजोबा

गंज लागू नये म्हणून सगळं जग तेल, रंग आणि ग्रीस यांवर पैसे घालतं. गंज लागावा म्हणून पैसे घालणारी माणसं विरळा. अमेरिकेतल्या उपनगरांत ती आढळतात. मोटार बाहेर पावसात उभी असेल आणि गॅरेजात दिवा जळत असेल, तर आत हे गृहस्थ आहेत असं खुशाल समजावं. वय साठीच्या पुढे, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, आणि समोर टेबलावर जुन्या पोलादी पिस्तुलाचे भाग ओळीने मांडलेले. पिस्तूल आता होतच आलंय, असं ते तुम्हाला सांगतात. मागच्या उन्हाळ्यातही ते होतच आलं होतं.

आमच्या पिट्सबर्गजवळच्या गल्लीतले गृहस्थ आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. इंचाच्या हजाराव्या भागावरून वाद घालायची सवय निवृत्तीनंतर कुठे नेऊन टाकणार? आधी ती स्वयंपाकघरात शिरली. फळीवरचे डबे उंचीप्रमाणे लागले, तोवर बायकोने सोसलं. पॅनकेकची जाडी मोजली जाऊ लागली, तेव्हा तिनेच गॅरेज मोकळं करून दिलं. माझी आई चिपळूणहून आली, तिने दुसऱ्याच दिवशी त्यांना ‘गंजोबा’ असं नाव ठेवलं. आता आमच्या घरात त्यांचं खरं नाव कुणाला चटकन आठवत नाही.

या जातीच्या माणसाची पहिली अडचण म्हणजे पुरेसं बिघडलेलं पिस्तूल मिळणं. जुन्या शस्त्रांच्या शौकिनांत एक कडक नियम आहे. मूळचा रंग कितीही उडालेला असो, त्याला हात लावायचा नाही. लावला की किंमत कोसळली. म्हणून गंजोबा प्रदर्शनांतून हिंडत होते ते चांगलं पिस्तूल शोधत नव्हे, तर ज्याच्यावर आधीच कुणी तरी अत्याचार केलेला आहे असं. शेवटी मिळालं. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेलं, अमेरिकी सैन्याने 1911 साली स्वीकारलेलं आणि 1985 पर्यंत वापरलेलं, अकराशे ग्रॅमच्या आतबाहेरचं पॉइंट फॉर्टी-फाइव्ह. त्यावरचा सैन्याचा करडा फॉस्फेटचा थर कुणी तरी घासून काढला होता, मशीनवर आरशासारखी चकाकी आणली होती आणि वरून बाटलीतलं झटपट निळं फासलं होतं. तेही मुठीच्या बाजूने झिजून गेलं होतं. गंजोबांनी ते उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, ‘‘फारच वाईट!’’ इतक्या आनंदाने हे दोन शब्द उच्चारलेले मी कधी ऐकले नव्हते.

पिस्तुलाचा सांगाडा एका कंपनीचा आणि वरची स्लाइड दुसरीची. दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल बऱ्याच कंपन्यांनी बनवलं आणि पुढे सैन्याच्या कारखान्यांत दुरुस्तीला आलेल्या पिस्तुलांचे भाग सरमिसळ झाले. सांगाडा युनियन स्विच अँड सिग्नलचा. ही रेल्वेचे सिग्नल बनवणारी कंपनी, आमच्या पिट्सबर्गशेजारच्या स्विसव्हेलची. 1943 साली तिने पंचावन्न हजार पिस्तुलं करून दिली. स्लाइड रेमिंग्टन रँडची, म्हणजे टाइपरायटरवाल्यांची. शिवणयंत्रवाल्या सिंगरनेही पाचशे पिस्तुलं केली होती. सिंगरचं नाव निघालं की गंजोबांचा आवाज खाली येतो. कुणाच्या तरी माळ्यावर एखादं अजून पडलेलं असेल, आणि आपण मोठ्याने बोललो तर दुसरंच कुणी तिथे आधी पोचेल, अशी त्यांना धास्ती असावी.

उघडण्यापूर्वी मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, आणि चेंबरमध्ये डोळा आणि करंगळी दोन्ही घालून खात्री. हे योग्यच आहे. पण नळी टेबलावर, सांगाडा व्हाइसमध्ये आणि स्लाइड भिंतीवर टांगलेली असतानाही गंजोबा रोज सकाळी आधी नळीतून पलीकडे बघतात आणि मगच कॉफी घेतात. मुठीचे स्क्रू सोडले तर या पिस्तुलाला उघडायला हत्यार लागत नाही. त्याचाच एक भाग दुसऱ्या भागाची पिन ढकलायला कामी येतो. यावर त्यांचं अर्ध्या तासाचं व्याख्यान तयार आहे. मात्र पुढच्या स्प्रिंगवरचं बूच काढताना अंगठा जरा ढिला पडला की ते बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. गॅरेजच्या छताला त्याची एक खोक आहे. ती कुणाची, हे विचारायचं नसतं.

मग भाग व्हिनेगरमध्ये. व्हिनेगरने जुनं निळं उतरतं, आणि ते उतरवायला गॅलनचे कॅन लागतात. दुकानातल्या मुलीला वाटतं, म्हातारा काकड्यांची लोणची घालतो. तिने एकदा कृती विचारली. गंजोबांनी ती सांगितली. त्यानंतर ती विचारत नाही.

पॉलिश पेपरचं काम आलं की हा माणूस खरा खुलतो. चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकाचा त्यांना मनस्वी राग. चाक कडा गोल करतं, भोकांच्या काठाला खळगे पाडतं, अक्षरं पुसून टाकतं. यांचा कागद सपाट पट्टीला गुंडाळलेला, हात एकाच दिशेने. आधी 220 नंबर, मग 320, मग 400. तिथे थांबायचं, कारण आरसा केला तर गंज नीट चावत नाही. उजव्या अंगावर ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ अशी अक्षरं आहेत. त्यांच्याभोवती ते इतक्या अदबीने घासतात की सरकार कधीही येऊन आपली मालमत्ता परत मागेल असं वाटावं.

आणि मग गंज चढवून निळा रंग आणायचा तो विधी. ॲसिटोनने पुसलेल्या भागाला मनुष्याचा हात वर्ज्य. बोटाचं तेल लागलं की तेवढ्या जागी गंज चढत नाही आणि ठसा कायमचा उमटतो. हातमोजे नवे, चिंधी नवी. स्टील वूल कारखान्यातून तेल लागूनच येतं, म्हणून त्यालाही ॲसिटोनची आंघोळ. धुतलेले भाग तारेच्या आकड्यांना टांगून गंजोबा कोपरं अंगाशी धरून उभे होते, तेव्हा आई माझ्याबरोबर गॅरेजच्या दारात आली आणि थबकली.

‘‘सोवळ्यात आहेत का रे?’’

मी होय म्हटलं. तिने चपला बाहेर काढल्या, पदर आवरला आणि दाराच्या रेषेअलीकडे उभी राहिली. गंजोबांकडे इतका जाणता पाहुणा कधी आला नव्हता. त्यांचा जावई येतो तो प्रत्येक वस्तूला बोट लावून ‘कूल’ म्हणतो. त्या दिवसापासून आईला बसायला स्टूल मिळालं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि शिवाशिवीच्या बाबतीत तिची गरजही पडली नाही.

बोळा जवळजवळ कोरडा करून त्यांनी आम्लाचं द्रावण एका हाताने फिरवलं. गेलेल्या जागी पुन्हा मागे यायचं नाही. भाग प्लायवुडच्या कपाटात टांगले. तळाशी विजेच्या शेगडीवर पाण्याचं पातेलं, म्हणजे आत कायम दमट. आता काही तास दार उघडायचं नाही, हे त्यांनी सगळ्यांना बजावलं आणि दर पंधरा मिनिटांनी बॅटरी घेऊन स्वतः उघडून बघितलं. संध्याकाळी पोलादावर नारिंगी मखमल आली होती, बारीक आणि सारखी. गंजोबा आईकडे बघून नुसते हसले.

आई मात्र विचारात पडली. ‘‘आमच्या भाऊंची ठासणीची बंदूक दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा होते,’’ ती म्हणाली, ‘‘परत येते तेव्हा अशीच असते. आणि ते काही पैसे घेत नाहीत.’’

मी भाषांतर केलं. गंजोबांनी गांभीर्याने विचारलं, ‘‘गंज सारखा येतो का? की डाग पडतात?’’

तेव्हापासून त्यांना कोकणाचं वेड लागलं. जुलैतली हवा किती दमट, रात्री तापमान किती उतरतं, असं ते वहीत टिपून घेऊ लागले. समुद्राची खारी हवा पोलादाला खड्डे पाडते म्हणून किनारा त्यांनी बाद केला. मी महाबळेश्वर सुचवलं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. बायकोला बरीच वर्षं ताजमहाल बघायचा आहे. जमलंच तर ती आग्र्याला जाईल आणि हे भर आषाढात महाबळेश्वरच्या लॉजवर खिडकीत खिळे टांगून बसतील.

नारिंगी थर आला की भाग उकळत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये. नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांचे डाग राहतात. यासाठी मासे उकडायचं लांबट स्टीलचं भांडं उत्तम, असा शोध त्यांनी एका रविवारी लावला. त्या घरात तेव्हापासून सॅमन ओव्हनमध्येच होतो. पाच-दहा मिनिटांत तांबडं काळं पडतं. तांबडा गंज लोखंड खातो. उकळल्यावर त्याचं मॅग्नेटाइट होतं, ते अंगाला चिकटून राहतं आणि तेल धरून ठेवतं. वरची काळी पूड स्टील वूलने हलकेच काढायची. पहिल्या फेरीला खाली निघतो एक मळकट करडा रंग, बघणाऱ्याला वाटावं एवढ्यासाठी हा खटाटोप? मग पुन्हा द्रावण, पुन्हा कपाट, पुन्हा उकळणं. सहा फेऱ्या, सात, आठ. प्रत्येक फेरीला रंग एक पायरी खोल जातो आणि शेवटी तेल लावलं की दिव्याखाली तो काळा न राहता निळा दिसतो. कारखान्यांना हा वेळ परवडेना, म्हणून त्यांनी उकळत्या कॉस्टिकच्या क्षारांत बुडवून काम उरकायची रीत धरली. ‘‘त्यात बुडवलं की झालं,’’ गंजोबा म्हणतात. त्यांच्या तोंडी ही शिवी आहे.

गल्लीतले लोक आपापल्या बंदुका घेऊन येतात. दुसऱ्याचं शस्त्र धंदा म्हणून कामाला घ्यायचं तर सरकारी परवाना लागतो, स्वतःचं निळं करायला लागत नाही. तो काढायचा विचार गंजोबांनी कधी केला नाही. गिऱ्हाईक आलं की तारीख द्यावी लागते, आणि तारीख दिली की काम संपवावं लागतं.

यात गोळी झाडण्याचा विषय कुठे आला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी जरा आठवून पाहिलं. पिस्तूल कायम पन्नासेक तुकड्यांत, तुकडे बर्फाच्या ट्रेमध्ये, ट्रेवर चिठ्ठ्या. चोर शिरला तर गंजोबा त्याला फार तर गंजाचे दोन प्रकार समजावून सांगतील.

तरी एकदाचं ते जोडून झालं. आम्हाला बोलावणं आलं. आई ठेवणीतली साडी नेसून आली. टेबलावर मऊ कापड, त्यावर पिस्तूल, आणि खरोखरच नजर ठरू नये असा रंग. मग मला डाव्या बाजूला स्लाइड-स्टॉपखाली एक बारीक चकचकीत कमान दिसली. ही रेघ प्रसिद्ध आहे. तो भाग बसवताना आतली इवलीशी पिन न दाबता नुसता रेटला की सांगाड्यावर ओरखडा उठतो, आणि तो ज्याच्या पिस्तुलावर असेल त्याची अक्कल जगाला कळते. प्रदर्शनात दुसऱ्यांच्या पिस्तुलांवर हीच रेघ दाखवून गंजोबांनी मला माणसं ओळखायला शिकवलं होतं. हजारांश इंचात आयुष्य काढलेल्या हाताकडून ही चूक?

‘‘तेवढ्याच जागी लावता येणार नाही?’’ मी विचारलं.

‘‘ठिगळ?’’ ते म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. ‘‘नाही. सगळं परत उघडावं लागणार.’’ आवाजात दुःख आणायचा त्यांचा प्रयत्न प्रामाणिक होता.

आईने मला कोपराने ढोसलं. त्यांच्या पाठीमागे फळीवर व्हिनेगरचे चार नवे कॅन आधीच आणून ठेवलेले होते.