लंडनचा उंट

लंडन सिस्टिम ही पांढऱ्याने खेळायची सुरुवात. वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे, दुसऱ्या-तिसऱ्या खेळीला वजिराकडचा उंट एफ-४ वर, मग ई-३ आणि सी-३ वर प्यादी. नाव पडले १९२२ च्या लंडन स्पर्धेवरून. काळ्याने समोर काहीही मांडले तरी पांढऱ्याच्या पहिल्या सात-आठ खेळ्या बहुधा त्याच राहतात, त्यामुळे पाठांतराला एक संध्याकाळ पुरते. सगळा उपद्रव याच गुणातून होतो. अस्तानाला २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने सहावा डाव याच सुरुवातीने जिंकला, तेव्हापासून तिला पोरखेळ म्हणायचीही सोय उरलेली नाही.

उपद्रवाच्या अभ्यासासाठी सोसायटीच्या क्लबरूममधला एक नमुना घेता येतो. वय पंचावन्न. हा नमुना आणि प्रस्तुत लेखक यांच्या चष्म्याचा नंबर एकच आहे, हा योगायोग समजावा. नमुना स्वतःला ‘पोझिशनल खेळाडू’ म्हणवतो. डाव लांबवून हरणाऱ्याला ही पदवी आपोआप मिळते. प्रतिस्पर्धी तिसऱ्या मजल्यावरची, अकरा वर्षांची. ती पहिल्या आठ खेळ्या खिडकीबाहेर बघत खेळते आणि दुसऱ्या हातात चकली असते. नमुन्याचा राग हरण्याचा नाही, चकलीचा आहे.

पहिला बचाव म्हणजे आपलाही उंट एफ-५ वर काढून नक्कल करणे. भक्कम आहे, पण अकरा वर्षांच्या मुलीची कॉपी करताना चार लोक बघतात. दुसरा, उंट डी-६ वर आणून सरळ अदलाबदल मागणे. यातही काळ्याला त्रास नाही, शोभाही नाही.

तिसरा तिखट. सी-५, मग वजीर बी-६ वर, रोख बी-२ च्या प्याद्यावर. पांढरा वजीर बी-३ ला येऊन तोंड देतो. काळे प्यादे सी-४ वर सरकून त्याला हाकलते. तो सी-२ ला जातो आणि काळा आपला उंट एफ-५ वर, थेट त्याच्या तोंडात ठेवतो. वजिराने तो खाल्ला, की काळा वजीर बी-२ वर घुसतो आणि कोपऱ्यातला हत्ती जातो. उंट ठेवताना चेहऱ्यावर चूक झाल्याचा भाव हवा, म्हणून नमुन्याने तीन रविवार आरशासमोर सराव केला. चौथ्या रविवारी उंट ठेवला, वर “अरेरे” असेही म्हटले. मुलीने वजीर सी-१ वर नेला. “काका, हा सरांनी पहिल्याच दिवशी दाखवला होता.”

चौथा बचाव किंग्ज इंडियन: घोडा एफ-६, प्यादे जी-६, उंट जी-७, डी-६, किल्लेकोट आणि मग ई-५ चा धक्का. यातल्या ‘इंडियन’बद्दल थोडे सांगायला हवे, थोडे म्हणजे नमुना घरी सांगतो तेवढे, भात निवेपर्यंत. १८५० च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरशी महेशचंद्र बॅनर्जी डावांवर डाव खेळत. जुन्या देशी खेळात प्याद्याला पहिल्या खेळीलाही एकच घर मिळे. त्या सवयीचा माणूस प्यादी हळूहळू सरकवतो, उंट कोपऱ्याजवळ दबा धरून बसवतो आणि मधली जागा समोरच्याला खुशाल घेऊ देतो. युरोपात ही मांडणी फॅशन व्हायला पुढे सत्तरेक वर्षे लागली. देशी राजाला एकदाच घोड्यासारखी उडीही मारता येई; तिचा इथे संबंध नाही, पण नमुना ती सांगितल्याशिवाय ताक घेत नाही.

नमुन्याचे वडील, अण्णा, हाच देशी खेळ खेळत. बाराव्या वर्षी, शाळेत नवे नियम शिकून आलेल्या नमुन्याने पाहुण्यांसमोर जाहीर केले, “अण्णा, तुमचं सगळं चूक आहे.” अण्णांनी त्याच संध्याकाळी नवे नियम समजावून घेतले. पुढे ते तसेच खेळले, पण दोन घरांची मुभा क्वचितच वापरली. “प्याद्याला कसली घाई?” म्हणत आणि जिंकत. कसे, ते विचारायचे राहून गेले.

या बचावाने लंडनचा पाडाव होत नाही. पांढऱ्याने एच-३ खेळून उंटाला एच-२ ची पळवाट आधीच करून ठेवलेली असते. मुलीनेही ठेवली होती. मात्र पाठ केलेले तिथे संपते. ई-५ पडल्यावर तिने खिडकीकडची मान वळवली, चकली ताटलीत ठेवली आणि दोन्ही कोपर टेबलावर टेकले. डाव अडतीस खेळ्या चालला. पांढरे जिंकले.